महिन्याचा किराणा : हायवेवरचं मोठं मार्ट की आपला दाणा बाजार?

गिरणाकाठ (जळगाव)

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांपासून लिहायचं मनात होतं, काल रविवारी जे झालं त्यानंतर म्हटलं आता लिहूनच टाकते.

घरात आम्ही सहा माणसं, आबा-आई म्हणजे माझे सासू-सासरे, आम्ही दोघं आणि दोन पोरं. चार वर्षांपासून महिन्याचा सगळा किराणा हायवेकडच्या एका मोठ्या डिस्काउंट मार्टातून आणतो. नाव मुद्दाम लिहीत नाही, थोड्याफार फरकाने सगळीकडे हेच चालू आहे.

काल तूरडाळीच्या ५ किलोच्या पिशवीखाली पिवळी पट्टी लावलेली होती, छापील किंमत खोडून मोठ्या आकड्यात कमी भाव. दोन पिशव्या घेतल्या, आमच्याकडे वरण रोज आणि खिचडी आठवड्यातून दोनदा तरी होतेच. बिलाच्या रांगेत पाऊण तास गेला. बिल हातात आल्यावर आबांनी तिथंच उभं राहून एकेक ओळ वाचली, त्यांची जुनीच सवय, गावच्या सोसायटीत हिशोब लिहायचे ते. पिशवीमागे ६४ रुपये जास्त लागले होते. म्हणजे दोन पिशव्यांचे १२८. काउंटरवरची मुलगी म्हणे सिस्टीममध्ये हाच रेट येतोय. मी परत आत जाऊन पट्टीचा फोटो काढून आणला तेव्हा सुपरवायझर आला आणि म्हणाला मॅडम ती ऑफर कालच संपली, पट्टी काढायची राहून गेली. मग मी म्हटलं पट्टी तुमची, चूक तुमची, भाव पट्टीचा लावा. तर म्हणे तसं करता येत नाही, नको असेल तर डाळ ठेवून द्या.

एव्हाना मागची रांग चुळबुळ करायला लागली होती. एक बाई म्हणाल्याही, अहो ताई सव्वाशे रुपयांसाठी कशाला सगळ्यांना थांबवता. आबांचा गुडघा दुखतो, एवढ्या मोठ्या दुकानात बसायला एक खुर्ची नाही की साधं स्टूल नाही, ते ट्रॉलीला धरून उभे. शेवटी पैसे भरले आणि निघालो. दारावर गार्डने शिक्का मारायच्या आधी पिशव्या परत उघडायला लावल्या, वरच्या दोन वस्तू काढून बघितल्या. आबा गाडीत एक शब्द बोलले नाहीत. घरी आल्यावर पाणी पिऊन एवढंच म्हणाले, "दाणा बाजारातल्या शेटने चाळीस वर्षांत माझी पिशवी उघडून पाहिली नाही."

ते वाक्य कालपासून डोक्यातून जात नाहीये. कारण दाणा बाजार सोडायचा हट्ट माझा होता, आबांचा नव्हता.

बाकीच्या तक्रारी सगळ्यांच्या ओळखीच्या असतील. कापडी पिशवी विसरलो की पिशवीचे वेगळे पैसे. एकावर एक फ्री म्हणून घेतलेल्या बिस्किटांची तारीख पंधरा दिवसांवर आलेली. बिलाचा कागदच असा असतो की दोन महिन्यांत अक्षरं उडून कोरा होतो, मग मिक्सर बंद पडला की दाखवायचं काय? दर दोन-तीन महिन्यांनी सामानाच्या जागा बदलतात, साबण शोधता शोधता सगळं दुकान पालथं घालावं लागतं आणि यादीत नसलेल्या चार वस्तू ट्रॉलीत येऊन बसतात. मागच्या सहा महिन्यांची बिलं काढून बघितली (फोटो काढून ठेवते म्हणून वाचता तरी आली), दर वेळी यादीबाहेरचा खर्च हजाराच्या वरच आहे.

तर खरंच विचारते आहे. तुम्ही खान्देशात कुठे राहता, काय कुठून घेता, आणि मार्टाशिवाय महिना निघतो का? जळगाव, भुसावळ, धुळे, नंदुरबार, शिरपूर, चाळीसगाव, कुठलंही सांगा.

---

तापीचं_पाणी (भुसावळ)

ताई, आबांचं वाक्य वाचून वाईट वाटलं. मी रेल्वेतून रिटायर झालो, आता किराणा आणायचं काम माझ्याकडे आहे म्हणून एक गोष्ट सांगतो जी मला कळायला दोन वर्षं लागली.

तेलाचा डबा. आपल्याकडे सगळे १५ चा डबा म्हणतात. पण १५ किलोचा डबा वेगळा आणि १५ लिटरचा वेगळा. तेल पाण्यापेक्षा हलकं असतं, एक लिटर तेल भरतं साधारण ९१० ग्रॅम, म्हणजे १५ लिटरचा डबा वजनात १३ किलो ६५० ग्रॅमच्या आसपास. एक किलो ३५० ग्रॅमचा फरक झाला! मार्टात स्वस्त म्हणून मी जो डबा आणायचो तो लिटरचा होता आणि माझा पूर्वीचा दुकानदार द्यायचा तो किलोचा. दोन वर्षं मी त्या माणसाला महाग म्हणत होतो. डब्यावर लिटर आणि वजन दोन्ही छापलेलं असतं, बारीक अक्षरात, चष्मा लावून वाचायचं. ज्या दिवशी कळलं त्या दिवशी मी त्याच्या दुकानात जाऊन त्याला हे सांगितलं. तो म्हणाला काका मी तुम्हाला तेव्हाच बोललो होतो, तुमचं लक्ष नव्हतं.

---

शेवभाजी_फॅन (धुळे)

+१ तेलाच्या डब्यासाठी. आत्ताच किचनमध्ये जाऊन बघून आलो, आमचाही लिटरचाच निघाला.

---

कयनानी_भाकर (पुणे, मूळ चोपडा)

मी पुण्यात राहते आणि इथं तर मार्टाशिवाय दुसरं काही डोळ्यासमोर येतच नाही. पण आपण जे खातो ते तिथं मिळतच नाही हो. कळण्याचं पीठ मागितलं तर मुलगा म्हणाला मल्टीग्रेन आटा आहे बघा. दादर, म्हणजे आपल्याकडची ज्वारी, मागितली तर ज्वारी म्हणून कुठली तरी पांढरी संकरित पुढे केली, तिची भाकरी थापतानाच कडेने चिरते आणि संध्याकाळपर्यंत कडक होऊन जाते. उडदाच्या पापडाचं पीठ, बिबड्यांची (ज्वारीच्या पापडांची) ज्वारी, काळा मसाला, बट्टीचं भरड पीठ, यातली एकही वस्तू त्या हजारो वस्तूंच्या दुकानात नाही.

म्हणून मी दर तीन महिन्यांनी गावाकडून मागवते. कळण्यासाठी आई ज्वारीत सालासकट काळे उडीद मिसळते, चाराला एक, थोडं मीठ टाकून गिरणीतून दळून आणते आणि ट्रॅव्हल्सच्या गाडीत पार्सल ठेवते. पार्सलचं भाडं देऊनही मला ते इथल्या पाकिटबंद पिठापेक्षा स्वस्त पडतं. आणि डबा उघडला की जो वास येतो ना, त्याची किंमत मी करूच शकत नाही.

---

वही_खातं (अमळनेर)

आमचं किराणा दुकान आहे, आजोबांपासून, आता वडील आणि मी बघतो. दुकानदाराची बाजू थोडी सविस्तर लिहितो, लांबेल, सांभाळून घ्या.

पहिलं म्हणजे साबण, टूथपेस्ट, चहा, वॉशिंग पावडर यात आम्ही मोठ्या मार्टाची बरोबरी करूच शकत नाही, हे मी गिऱ्हाईकाला तोंडावर सांगतो. मोठी साखळी दुकानं कंपनीकडून थेट गाड्याच्या गाड्या उचलतात. आम्हाला तोच माल एजन्सीवाल्याकडून येतो आणि कितीतरी वेळा आमचा खरेदीचा भाव आणि त्यांचा विक्रीचा भाव एकच असतो. याच मुद्द्यावर २०२२ च्या सुरुवातीला महाराष्ट्रातल्या वितरकांनी एका मोठ्या टूथपेस्ट कंपनीचा काही माल उचलणंच बंद केलं होतं. तेव्हा ज्याला महिन्याला दहा पाकिटं पावडर लागते त्याने ती मार्टातून आणावी, मला राग नाही.

पण डाळ, गहू, तांदूळ, पोहे, रवा, गूळ यात गणित उलटं आहे. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या पाकिटबंद, लेबल लावलेल्या धान्य-डाळीवर ५ टक्के जीएसटी लागतो. तीच डाळ मी तुमच्यासमोर पोत्यातून मोजून दिली तर त्यावर जीएसटी नाही. वर पाकिटाचा खर्च, छपाई, वाहतूक. आणि डाळ येते कुठून? जळगावच्या एमआयडीसीत किती डाळ मिल आहेत ते तिथल्यांना माहितीच आहे. आपल्या शेजारी भरडलेली डाळ कुठल्या तरी गोडाऊनला जाते, चकचकीत पिशवीत बसते आणि परत आपल्याच गावात येऊन विकली जाते. गिरणाकाठ ताई, तुम्ही ज्या डाळीसाठी भांडलात ती कदाचित तुमच्या घरापासून आठ-दहा किलोमीटरवर भरडलेली असेल.

तेलाचं निघालंय म्हणून सांगतो, आमचं अमळनेर तेलाचं गाव. आज सगळं जग ज्या विप्रोला कॉम्प्युटरची कंपनी म्हणून ओळखतं ती १९४५ मध्ये इथं वनस्पती तेलाचा कारखाना म्हणून सुरू झाली. माझे आजोबा सांगायचे की तेव्हा शेंगांच्या बैलगाड्यांची रांग लागायची. तेलाची पारख आमच्याकडच्या म्हाताऱ्या बायांना नुसत्या वासावरून आहे, त्यांना भेसळीचं तेल देऊन बघा, दुसऱ्या दिवशी डबा परत दारात.

आता उधारी. आमच्या वहीत सव्वाशेच्या वर खाती आहेत. सालदार, हमाल, एसटीचे कर्मचारी, शिक्षक, सगळे. कपाशीचे पैसे आले की चुकतं करणारे शेतकरी आहेत, त्यांना मी जूनपासून डिसेंबरपर्यंत माल देतो. संपाच्या वेळी, लॉकडाऊनच्या वेळी ही वही चालू होती. मी उपकार केले असं म्हणत नाही, त्यातच आमचा धंदा आहे. पण मार्टाच्या मशीनमध्ये "दिवाळीनंतर देतो" असं बटण नसतं. आणि दुखतं कुठे माहितीये? पगार झाला की रोख पैशाने मार्टात जायचं आणि वीस तारखेनंतर वहीवर आमच्याकडे यायचं. असे चाळीस-पन्नास गिऱ्हाईक झाले की दुकान बसतं. आमच्या गल्लीतली दोन बसली.

---

सातपुड्याची_लेक (नंदुरबार)

मी सगळं वाचलं आणि माझं मत वेगळं आहे, ते मांडते.

मी धडगावकडच्या पाड्यावरची. लहानपणी बाजाराच्या दिवशी आईबरोबर जीपने खाली यायचे. आई आमचूर आणि चारोळी घेऊन यायची आणि मीठ, तेल, कपडे घेऊन जायची. ज्या दुकानात आम्ही जायचो तिथं भाव लिहिलेला नसायचा. आमच्या आधीच्या गिऱ्हाईकाला एक भाव, आम्हाला दुसरा. आई विचारायची तर दुकानदार वर न बघता म्हणायचा घ्यायचं तर घे. आमचूर मोजायचं माप वेगळं आणि मीठ द्यायचं वेगळं. होळीच्या वेळच्या भोंगऱ्याच्या बाजाराआधी तर हमखास. दुकानाच्या पायरीवर आम्ही बसायचो, आत बोलवायचे नाहीत.

आता मी नंदुरबारला नोकरी करते. मोठ्या मार्टात मी पहिल्यांदा गेले तेव्हा प्रत्येक वस्तूवर भाव छापलेला होता, तोच भाव माझ्यासाठी आणि तोच माझ्या साहेबांसाठी. कुणी विचारलं नाही कुठल्या गावची, कुठल्या जातीची. मी आईला घेऊन गेले. तिने सगळ्या रांगा फिरून बघितल्या, पाच प्रकारचं मीठ हातात घेऊन परत ठेवलं, एकानेही हटकलं नाही. त्या दिवशी ती घरी येऊन जे बोलली ते मी इथं लिहीत नाही, पण तिचा चेहरा मला आयुष्यभर आठवेल. आणि सॅनिटरी पॅड, बायकांचे आतले कपडे हे सगळं मला काउंटरवरच्या चार पुरुषांसमोर मागावं लागत नाही, हेही मोठं आहे.

आबांच्या शेटने त्यांची पिशवी उघडली नाही हे खरं असेल. आमची उघडायचे. म्हणून दाणा बाजार चांगला आणि मार्ट वाईट असं सरसकट मला म्हणता येत नाही. पट्टी एक आणि बिल दुसरं ही मात्र तीच जुनी फसवणूक आहे, फक्त एसीत. त्यावर तुम्ही भांडलात ते बरोबर केलंत.

---

गिरणाकाठ

सातपुड्याची_लेक, तुझा प्रतिसाद मी दोनदा वाचला आणि आबांनाही वाचून दाखवला. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले "हे होतं. आम्ही बघायचो आणि बोलायचो नाही." मी धागा सुरू करताना हा विचार माझ्या मनाला शिवलाही नव्हता. लिहिलंस ते फार चांगलं केलंस.

---

वही_खातं

सातपुड्याची_लेक ताई, तुमचं बरोबर आहे, असं झालेलं आहे आणि काही ठिकाणी अजून होतं. मी आमच्या दुकानात दोन वर्षांपूर्वी सगळ्या सुट्या मालाच्या कोठ्यांवर भावाच्या पाट्या लावल्या, खडूने रोज बदलतो. वडील आधी नाही म्हणत होते, म्हणे शेजारचा दुकानदार भाव बघून जाईल. बघू देत. काट्याचं तोंड गिऱ्हाईकाकडे फिरवून ठेवलंय. जे दुकान हे करत नाही तिथं जाऊ नका असं मी दुकानदार असून सांगतो.

---

काळा_कोट_धुळे (धुळे)

वकिली करते, ग्राहक आयोगातली कामं बघते. नेमकं काय करता येतं ते सांगते.

गिरणाकाठ, तुमच्याकडे पट्टीचा फोटो आणि बिल दोन्ही आहे म्हणजे केस पक्की आहे. दाखवलेला भाव एक आणि घेतलेला दुसरा ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करा, मराठीत बोलता येतं, तक्रार नंबर मिळतो. मोठ्या साखळी दुकानांचं बरंचसं तिथंच मिटतं. नाही मिटलं तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्याने, म्हणजे २० जुलै २०२० पासून, तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते आणि ५ लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी फी शून्य. वकील लागतोच असंही नाही, स्वतः जाऊन बोलता येतं, अर्ज ऑनलाइन करता येतो.

पिशवीचे पैसे : चंदीगडला एका बुटांच्या दुकानाने कागदी पिशवीचे ३ रुपये लावले, २०१९ मध्ये तिथल्या ग्राहक मंचाने त्याला ९ हजार भरायला लावले. नंतर डिसेंबर २०२० मध्ये राष्ट्रीय आयोगानेही सांगितलं की खरेदी आटोपून काउंटरवर आल्यावर अचानक पिशवीचे पैसे मागणं चुकीचं आहे, आत शिरतानाच ग्राहकाला दिसेल असं सांगायला हवं.

खराब माल : बिलावर मुदत लिहिलेली असेल तर त्या मुदतीत आणि लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत सदोष वस्तू परत घ्यायला नकार देता येत नाही. बिल न देणं हीसुद्धा अनुचित प्रथाच, आणि हे गल्लीतल्या दुकानालाही तेवढंच लागू आहे. दाणा बाजारात बिल मागितलं की "आपल्यात कशाला बिल" म्हणतात, तिथं फसलात तर माझ्याकडे काही घेऊन येऊ नका, बिलाशिवाय मी फार काही करू शकत नाही.

आणि पाकिटाच्या मागे आता एक ग्रॅमचा किंवा एक किलोचा भाव छापावा लागतो. किलोच्या आतलं पाकीट असेल तर ग्रॅमचा, वरचं असेल तर किलोचा, तेलाला मिलीचा किंवा लिटरचा. ठरावीक मापाच्या पाकिटांचं बंधन काढलं म्हणून हे आलं. ८७० ग्रॅम, ९३० ग्रॅम अशी विचित्र पाकिटं आली आहेत त्यावर हा एकच उपाय. मोठं पाकीट नेहमी स्वस्तच असतं असं नाही, मागे पलटून बघा.

काट्यावर वजनमापे खात्याचा शिक्का असतो, इलेक्ट्रॉनिक काट्याची तपासणी दर वर्षी व्हावी लागते. दुकानदाराला बिनधास्त विचारा दाखव म्हणून.

---

केळीचं_पान (रावेर)

रावेरला राहून पण लोक मार्टातून केळी आणून राहिले भो, हे मला बघवत नाही. बागेतून थेट घ्या ना.

---

आसोद्याचं_वांगं (जळगाव तालुका)

भाजीचा विषय कुणीच काढला नाही म्हणून लिहितो. आम्ही भरिताची वांगी लावतो. हिरवट पांढरी, एकेक पाव-अर्ध्या किलोचं, बी कमी आणि साल पातळ. २०१६ मध्ये जळगावच्या भरीत वांग्याला आणि जळगावच्या केळीला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं. थंडी सुरू झाली की मुंबई-पुण्याहून फोन येतात. आणि आपल्याच शहरातल्या मार्टात थंड पेटीत जांभळी वांगी ठेवलेली असतात, बियांनी भरलेली, तीन दिवसांपूर्वी तोडलेली, त्याचं भरीत काळं पडतं.

वांगं बघायचं कसं ते सांगतो. देठ हिरवागार आणि काटे टोचतील असे ताठ पाहिजेत. हातात घेतलं तर आकाराच्या मानाने हलकं लागलं पाहिजे, जड असेल तर बी धरलंय. बोटाने दाबलं की खळगा पडून परत वर आला पाहिजे. गॅसवर भाजून चव येत नाही, कपाशीच्या काड्यांवर भाजा, साल उडते आणि धूर आतपर्यंत जातो. मार्टात वांगं प्लास्टिकमध्ये बांधलेलं असतं, हात लावून बघताच येत नाही. मग विकत काय घेतोय ते कळणार कसं? आठवडे बाजारात या, सकाळी लवकर या, दहा वांगी दाबून बघा आणि दोन घ्या, आम्ही काही म्हणत नाही.

---

शेवभाजी_फॅन

भरिताचं वाचून भूक लागली. आबांना विचारा की दाणा बाजारात आता गाडी लावायला जागा असते का, मी जळगावला आलो की तीच अडचण होते.

---

गिरणाकाठ

दोन आठवड्यांनी परत लिहिते आहे.

१९१५ वर फोन केला. तक्रार नंबर मिळाला, फोटो आणि बिल पाठवलं. सहाव्या दिवशी मार्टातून फोन आला, १२८ रुपये परत देतो म्हणाले. मी म्हटलं पैसे तर द्याच पण आधी सांगा, त्या दिवशी माझ्यासारख्या किती जणांनी पट्टी बघून डाळ घेतली असेल त्यांचं काय? त्याला उत्तर नव्हतं. पैसे घेतले. आणि बिलाच्या काउंटरजवळ दोन खुर्च्या ठेवा असं लेखी दिलं, ते "वर कळवतो" म्हणाले. बघू, पुढच्या महिन्यात जाऊन बघणार आहे.

मागच्या रविवारी आबांना घेऊन दाणा बाजारात गेले. शेवभाजी_फॅन, गाडीचे हाल आहेत हे खरं, आम्ही लांब लावून रिक्षाने गेलो. शेट आता थकलेत, मुलगा बसतो, पण आबांना बघून शेट आतून उठून आले आणि पहिलं काम काय केलं तर लाकडी खुर्ची पुढे ओढली. मग चहा. मग विचारलं गुडघा कसा आहे. चार वर्षं का आला नाहीत हे एका शब्दाने विचारलं नाही, आणि तेच आबांना जास्त लागलं असावं. ते परत परत माझ्याकडे बघत होते.

मी वही घेऊन गेले होते, प्रत्येक वस्तूचा किलोचा भाव लिहून. तूरडाळ, हरभराडाळ, गहू, गूळ, शेंगदाणे इथं स्वस्त पडले, डाळ तर बरीच, आणि हातात घेऊन बघता आली. शेटने दोन्ही प्रकारची तूरडाळ कागदावर ओतून दाखवली, एक पॉलिश केलेली चकचकीत, एक बिनपॉलिशची जरा मातकट, म्हणाले ही घे, शिजायला पाच मिनिटं जास्त घेईल पण वरण घट्ट होईल. झालंही. साखर जवळपास सारखीच. साबण, पावडर, शाम्पू, टॉयलेट क्लीनर मार्टातच स्वस्त आहे, ते मी दोन महिन्यांतून एकदा आणणार, यादी घेऊन, पोरांना घरी ठेवून. बिल मागितलं. मुलाने जरा नवलाने बघितलं पण दिलं. आणि हो, सातपुड्याची_लेक, तिथं कोठ्यांवर पाट्या नव्हत्या. मी बोलले. शेट म्हणाले पोराला सांगतो. अजून लावल्या नसतील तर पुढच्या वेळी परत बोलेन.

तेलाचं अजून ठरलं नाही. घाण्यावरचं शेंगदाणा तेल कुणी काढून आणतं का?

---

तापीचं_पाणी

मी आणतो. आपले दाणे घेऊन जायचे, समोर उभं राहून काढून घ्यायचं. किलोभर दाण्यातून ४०० ग्रॅमच्या आसपास तेल निघतं, पेंड परत मिळते, आमची शेजारीण ती गाईला नेते. विकतच्या रिफाइंडपेक्षा महागच पडतं, हे आधीच सांगतो, पण लागतंही कमी. फोडणी टाकली की शेजारच्या घरात कळतं. दाणे आधी दोन दिवस उन्हात घाला, ओलसर असले तर तेल लवकर खवट होतं.

---

पांढरी_दादर (यावल)

एवढं चाललंय तर मी पण लिहितो. माझ्याकडे दादर आहे, काळ्या जमिनीतली, पावसाच्या ओलीवर आलेली, पाणी न देता. व्यापारी ज्या भावाने मागतो आणि शहरात ज्या भावाने विकली जाते त्यात एवढा फरक असतो की दोघांच्या मधला भाव धरला तर माझं आणि तुमचं दोघांचं भलं होतं. काढणी झाली की फेब्रुवारी-मार्चमध्ये कट्टे भरून ठेवतो. वाळवून, चाळणी मारून देतो, वर्षभर ठेवायची असेल तर कोठीत कडुनिंबाचा वाळलेला पाला टाका. आठ-दहा घरांनी मिळून एक छोटा हत्ती (छोटा टेम्पो) केला तर भाडं घरामागे अगदीच किरकोळ येतं. वजन गावच्या काट्यावर तुमच्यासमोर. पावती देतो.

---

कयनानी_भाकर

मना एक कट्टा लिखी ल्या भाऊ! पुण्यापर्यंतचं मी बघते. उडीद पण आहेत का?

---

पांढरी_दादर

उडीद शे ना ताई. काळे, सालासकट, ह्याच खरिपातले. दहा किलो बाजूला काढून ठेवतो.

---

गिरणाकाठ

आमचे दोन कट्टे धरा. आमच्या बिल्डिंगमधल्या चार घरांनी हो म्हटलंय, एकाने अर्धा कट्टा चालेल का विचारलंय. आबा म्हणतात वजनाला ते स्वतः येतील, त्यांच्यासाठी काट्याजवळ एक खुर्ची ठेवा.

---

पांढरी_दादर

अर्धा पण चालतो. आबांसाठी खाट टाकतो निंबाखाली. जेवूनच जायचं मात्र.